तीस प्रार्थनांचे टोमॅटो

सुताराची मेहुणी सकाळी आठच्या आत आली ती बाह्या सरसावूनच. त्याची मुलगी सासरहून आदल्या संध्याकाळीच येऊन पोचली होती. चार टोपल्या टोमॅटो अंगणात मऊ पडायला लागले होते. आणखी दोन दिवस गेले असते तर उकिरड्यावर टाकावे लागले असते. दरवर्षी टोमॅटो बरण्यांत भरून टिकवायच्या कामाला सुताराची बायको तिघांना जुंपायची आणि स्वतः पातेल्यापाशी उभी राहायची. यंदा ती नव्हती. फेब्रुवारीत गेली.

काम सगळ्यांच्या हातात बसलेलं होतं. मुलगी टोमॅटो गरम पाण्यातून काढून सोलत होती, मेहुणी बरण्यांत ठासून भरत होती, सुतार झाकणं लावून बरण्या मोठ्या पातेल्यात उभ्या करत होता. तळाशी फडकं घातलेलं, म्हणजे काच तडकत नाही. घोडं अडलं ते एकाच ठिकाणी. बरण्या उकळायच्या किती वेळ?

बायको घड्याळ बघत नसे. तिच्या आईनं शिकवलं होतं तसं, उकळी फुटली की ती प्रभूची प्रार्थना म्हणायला लागायची. तीस वेळा झाली की बरण्या बाहेर. त्याची मिनिटं किती होतात, हे या घरात कुणी कधी पाहिलंच नव्हतं.

मेहुणीनं सांगून टाकलं की पातेल्यापाशी दाजी आहेत, तेव्हा दाजींनीच म्हणावी.

सुताराला नाही म्हणता येईना. फेब्रुवारीपासून तो एकही रविवार न चुकता चर्चमध्ये जात होता, पण ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ ही ओळ आली की तोंड मिटून घ्यायचा. रोजची भाकर मागायला त्याची हरकत नव्हती, क्षमा मागायलाही नव्हती. पण जे झालं ते देवाच्या मनात होतं आणि तसंच होऊ दे, हे तो म्हणणार नव्हता. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. पातेल्यापाशीही त्यानं तेच केलं. ती ओळ सोडून तीस वेळा भराभर म्हटली आणि बरण्या काढल्या.

दुपारी बरण्या गार झाल्यावर मेहुणीनं झाकणांवर अंगठा दाबून पाहिला. झाकण नीट धरलं असेल तर ते हलत नाही. इथे एकेक झाकण टकटक वाजत होतं. पहिल्या खेपेच्या आठच्या आठ.

“दाजी, प्रार्थना म्हणत होतात की गाडी पकडायची होती?”

सुतार फडक्याला हात पुसू लागला. पुसून झाले तरी पुसत राहिला.

“एक ओळ गाळली मी. तीसही वेळा.”

कोणती, ते मुलीनं विचारलं नाही. अंत्यविधीला ती त्याच्या शेजारीच उभी होती.

मेहुणी स्टूल ओढून बसली.

“ताई त्या ओळीपाशी थांबायची. लक्षात आलं होतं तुमच्या?”

आलं होतं. सुताराला वाटायचं, श्वास घेते.

“आमचा धाकटा भाऊ गेला ना, तेव्हापासून. आई कोपरानं ढोसायची तिला, इतकी थांबायची. मला म्हणाली होती, ती ओळ घशाखाली उतरत नाही गं, पण गाळली तर बाकीची प्रार्थना कुणाशी बोलतेय तेच कळत नाही.”

बत्तीस वर्षं सुतार तिच्या शेजारी बसून तीच प्रार्थना म्हणत आला होता. त्यानं तिला कधी विचारलं नव्हतं.

झाकणं बदलली. पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. या खेपेला मी म्हणू का, असं मुलीनं विचारलं. सुतार नको म्हणाला. उकळी फुटली तशी त्यानं सुरुवात केली, आणि ती ओळ आली तिथे थांबला. बराच वेळ थांबला. मेहुणी सोलत राहिली, मुलीनं बरण्या पुसल्या. कुणी त्याला पुढचे शब्द सुचवले नाहीत. बरण्या जरा जास्त उकळल्या तर काही बिघडत नाही.

मग त्यानं ती म्हटली. मनापासून म्हटली असं नाही. पण म्हटली, आणि पुढच्या ओळीवर गेला, कारण अजून एकोणतीस वेळा म्हणायची होती.