एकमताने चुकलेला बोर्ड

मित्रांनो, मी एक जुना सर्किट बोर्ड आहे, आणि तोही परीक्षेत नापास झालेला. तरी माझ्याइतका मान फार थोड्या हुशारांच्या वाट्याला येतो, हे आधीच सांगून ठेवतो.

अंतराळयान चालवण्यासाठी मला घडवलं. अवकाशात किरणांचे अदृश्य कण सुसाट धावत असतात. एखादा कण चिपमध्ये घुसला, की शून्याचा एक होतो आणि यान भलतीकडेच तोंड फिरवतं. म्हणून माझ्या डिझायनर बाईंनी मला तीन मेंदू दिले. तिघांनी एकच गणित करायचं आणि दोघांचं उत्तर जुळेल ते खरं मानायचं. एक बहकला तरी दोघे सांभाळून घेणार. काय डोकं आहे बघा बाईंचं!

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ‘शंकेखोर’ म्हणत. त्यांनी मला भट्टीत भाजलं, थंड पेटीत गारठवलं, हाडं खिळखिळी होतील इतकं हलवलं. मी हूं की चूं केलं नाही. यान सोडायची तारीख तर डोक्यावर आलेली.

प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, “मॅडम, पुरे आता. किती छळाल बिचाऱ्याला?”

“वर बिघडला तर दुरुस्तीला कोणाला पाठवायचं, सर? एकदा किरणांखाली धरू द्या.”

मारा सुरू झाला. माझी उत्तरं बरोबर येत होती आणि मी मनातून फुगत होतो. इतक्यात तिन्ही मेंदूंनी अगदी एकमताने साफ चुकीचं उत्तर दिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाई बराच वेळ माझ्या आराखड्यावर वाकून बसल्या. मग त्यांनी कपाळावर हात मारला. “मेंदू तीन दिले, पण ज्याच्या ठोक्यावर ते गणित करतात ते घड्याळ तिघांत एकच! कण त्या घड्याळालाच लागला आणि तिघेही एकदमच चुकले.”

“म्हणजे सगळं वाया गेलं,” साहेब पुटपुटले.

“वाया कसलं, सर? हे वर गेल्यावर कळलं असतं तर?”

तारीख पुढे ढकलली. माझ्या धाकट्या भावाला तीन वेगळी घड्याळं मिळाली, तीही एकमेकांपासून लांब. तो त्याच माऱ्यातून सुखरूप निघाला आणि यानातून गेला. अजून त्याचे संदेश येतात.

मी बाईंच्या टेबलावर असतो. एकदा त्यांच्या लेकीने विचारलं, “आई, हा बंद पडलेला कशाला ठेवलास गं?”

बाईंनी ओढणीने माझी धूळ पुसली. “अगं, हा इथे चुकला म्हणून तो तिथे चुकत नाही.”

मित्रांनो, चुकलेलं गणित फाडून टाकण्याआधी ते नेमकं कुठे चुकलं, तेवढं बघत जा. माझा भाऊ त्याच्याच जोरावर अजून वर फिरतो आहे.