छपराखालचा जावई

दातांच्या डॉक्टरला एक वाईट खोड लागते. समोरचा माणूस आ करून पडलेला असतो, उलट बोलू शकत नाही, आणि हळूहळू डॉक्टरला वाटायला लागतं की आपण म्हणतो ते बरोबरच असतं. आपल्या गोष्टीतल्या डॉक्टरांना ही खोड चांगलीच मुरलेली होती. दवाखाना बंद करून घरी बसल्यावर त्यांनी गॅरेजमधल्या जुन्या गाडीचं फाटकं कापडी छप्पर बदलायचं ठरवलं, तेही स्वतःच्या हातांनी.

गाडी त्यांच्या तरुणपणातली. दोन दारं, लांब नाक, आणि वर कापडाचं छप्पर, जे मागे दुमडलं की गाडी उघडी. लग्नाआधी ते याच गाडीतून मुलगी बघायला गेले होते. तेव्हा सासूबाई दारात उभ्या राहून बराच वेळ गाडीकडे बघत होत्या, आणि एवढंच म्हणाल्या होत्या, "हिला वर काही नाही का?" तेव्हापासून डॉक्टरांनी मनाशी धरलं होतं की सासूबाईंना ही गाडी डोळ्यांसमोर नको.

"कारागिराला का नाही बोलवत?" बायकोने कामावर निघताना विचारलं.

"दाढेच्या मुळात तार घालणाऱ्या माणसाला कापड ताणता येणार नाही होय?"

"दाढ भूल देऊन करता तुम्ही," ती म्हणाली आणि गेली.

जुनं कापड काढण्यात काही दिवस गेले. गंजलेले खिळे एकेक करून उपटताना डॉक्टरांना जुने दिवस आठवले. दारांची आतली कव्हरं, आतल्या मुठी, काचा वरखाली करायचे दांडे, सगळं त्यांनी साफ करायला म्हणून काढून बाहेर फळीवर मांडून ठेवलं. नव्या छपराबरोबर सूचनांचा कागद आला होता. त्यात लिहिलं होतं, कापड आधी उन्हात पसरून मऊ होऊ द्या, तात्पुरतं बसवून पाहा, मगच चिकटवा. डॉक्टरांनी तो वाचला आणि ही अडाणी लोकांची सोय आहे असं ठरवून बाजूला सारला.

सकाळ थंड होती. कापड पत्र्यासारखं ताठ होतं. मागची बाजू त्यांनी सांगाड्याच्या मागच्या कमानीला ठोकली, पुढची पट्टीला चिकटवली, आणि समोरच्या काचेच्या वरच्या कडेला ती पट्टी बसवण्यासाठी गाडीत शिरले. दार ओढून घेतलं. दारांच्या काचा आधीच वर चढवलेल्या होत्या, छप्पर त्यांना नीट भिडतंय का ते बघायला. मग दोन्ही हातांनी पट्टीला लोंबकळत, पाय डॅशबोर्डला लावून, त्यांनी जीव खाऊन छप्पर खाली ओढलं. पट्टीची डावी खिट्टी बसली. उजवीही बसली. डॉक्टर घामाघूम होऊन सीटवर कोसळले आणि स्वतःला शाबासकी दिली.

शाबासकी ओसरल्यावर त्यांनी खिट्टी उघडून बघितली. उघडेना. कापड इतकं ताणलं होतं की खिट्ट्यांची दातखीळ बसली होती. दाराकडे वळले, तर मुठीच्या जागी भोक. काच खाली करावी, तर दांडा नाही. ते दोन्ही दांडे काचेतून स्पष्ट दिसत होते, बाहेरच्या फळीवर, लख्ख पुसलेले.

एकच रस्ता होता, नवंकोरं कापड फाडायचा. डॉक्टरांनी खिशातला फोन काढला. बायकोला करायचा धीर होईना, म्हणून मेहुण्याला केला.

"गॅरेजमध्ये गाडीत अडकलोय," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."

"येतो भाऊजी. पण आई आहे बरोबर, डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघालोय."

"आईंना गाडीतच बसव," डॉक्टर घाईने म्हणाले.

मेहुणा आला तो करवत घेऊन. मागोमाग सासूबाई. मेहुण्याने गाडीभोवती फेरी मारली, छपरावर टिचक्या मारल्या, आणि कुठून कापायचं याची चर्चा सुरू झाली. डॉक्टर आतून हातवारे करत होते. बाहेर त्यांचं बोलणं नीट पोचत नव्हतं, फक्त तोंड उघडताना दिसत होतं. इतकी वर्षं खुर्चीत पडलेल्या माणसांना काय वाटत असेल, ते त्यांना त्या क्षणी कळलं.

सासूबाईंनी काठी गाडीला टेकवली आणि दाराची बाहेरची मूठ ओढली. दार उघडलं.

मेहुण्याने करवत पाठीमागे लपवली.

"उतरू नका," सासूबाई म्हणाल्या. "सरका तिकडे."

डॉक्टर मुकाट्याने पलीकडच्या सीटवर सरकले. सासूबाई सावकाश आत बसल्या, मांडीवर पदर सारखा केला आणि स्टिअरिंगवर हात ठेवला.

"मला वाटायचं तुम्हाला ही गाडी आवडत नाही," डॉक्टर म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"तुम्ही कधी बसलाच नाहीत."

"तुम्ही कधी बसा म्हणालात?"

डॉक्टरांनी आठवून बघितलं. सासऱ्यांना फिरवलं होतं, मेहुण्याला, शेजाऱ्यांच्या कुत्र्यालासुद्धा. सासूबाईंना विचारल्याचं काही आठवेना. त्या नाही म्हणतील हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं, आणि वर तीस वर्षं त्याचं वाईटही वाटून घेतलं होतं.

"बसा," ते म्हणाले. मग लक्षात आलं की त्या बसलेल्याच आहेत. "म्हणजे, चला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेतो."

मुठी आणि दांडे जागेवर बसवेपर्यंत सासूबाई उतरल्या नाहीत. मग फक्त पलीकडे सरकल्या. मेहुणा आपल्या गाडीने मागून निघाला, छप्पर उडालंच तर उचलायला, असं म्हणाला. छप्पर उडालं नाही. फक्त एका बाजूने शीळ घालत राहिलं, आणि सासूबाई सगळा रस्ता खिडकीवर कोपर टेकवून ऐटीत बसल्या. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याने गाडीकडे निरखून बघितलं, तर त्यांनी मालकिणीसारखी मान हलवली.

परत निघाले तेव्हा सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घातलेलं होतं. सगळं धूसर दिसत होतं.

"नीट बसलंय का हो छप्पर?" त्यांनी विचारलं.

ऊन चढलं होतं, कापड सैल पडलं होतं, आणि पुढच्या पट्टीपासून मागच्या कमानीपर्यंत एक जाडजूड सुरकुती तिरकी पसरली होती.

"अगदी झकास," डॉक्टर म्हणाले.

सासूबाईंनी हात वर केला, सुरकुती चाचपली, आणि बोट तिच्यावरून शेवटपर्यंत फिरवत नेलं.

"उद्या काढा हे," त्या म्हणाल्या. "मी येते. एक बाजू मी धरते, एक तुम्ही. आणि तो फळीवरचा सूचनांचा कागद आधी मला वाचून दाखवायचा."

"हो," डॉक्टर म्हणाले, आणि गाडी घराकडे न वळवता सरळ पुढे घेतली. सासूबाईंनी कुठे निघालोय ते विचारलं नाही.