सगळ्यात नवी नोंद

आमच्या घरात दोन संगणक आणि एक साहेब आहेत. साहेब म्हणजे माझा नवरा. बत्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण तपासणी काही सुटली नाही. आता घरात तपासायला उरलं कोण? मी.

निवृत्त झाल्या झाल्या त्यांनी घरातले सगळे पासवर्ड एका पासवर्ड मॅनेजरमध्ये भरले. त्याला ते तिजोरी म्हणतात. तिजोरीची एक प्रत त्यांच्या खोलीतल्या संगणकात, दुसरी माझ्या मागच्या खोलीतल्या. इंटरनेटवरून दोन्ही प्रती आपोआप जुळतात, असं लेकीने शंभरदा सांगून पाहिलं. "घरच्या किल्ल्या परक्याच्या खिशात ठेवायच्या?" म्हणून साहेबांनी ते उडवून लावलं. त्यामुळे रोज संध्याकाळी साहेब पेनड्राइव्ह घेऊन माझ्या दारात उभे राहतात, दोन्ही प्रती एकत्र करतात आणि वहीत तारीख टाकून सही करतात. शेजारी माझीही सही लागते. मी एकदा सही करणार नाही म्हटलं, तर रात्रभर माणूस कूस बदलत होता.

माझी मागची खोली हा माझा कारखाना आहे. पाठ सुटलेली, पानं गळालेली, उंदरांनी चाखून पाहिलेली पुस्तकं मी दुरुस्त करते. गावातल्या मोठ्या ग्रंथालयाचं हे काम वीस वर्षं घरी आणून करतेय. यंदा ग्रंथालयाने दुरुस्ती विभागात पहिल्यांदाच कायमची जागा काढली. स्वतःचं टेबल, स्वतःचा दिवा, आणि दारावर पाटी. वयाची अट पंचावन्न, आणि मला पंचावन्न पूर्ण व्हायला सातच आठवडे बाकी होते. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. आयुष्यात मला फारशा गोष्टी हव्याशा वाटल्या नाहीत, पण ही जागा मला हवी होती.

अर्ज त्यांच्या साइटवर भरून ठेवला होता. फक्त मी बांधलेल्या एका पुस्तकाचा फोटो जोडायचा राहिला होता. पुस्तक दाबाखाली होतं, खळ वाळत होती, आणि ओल्या बांधणीचा फोटो पाठवण्याइतकी मी अजून घसरलेली नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुदत संपत होती. शुक्रवारी दुपारी चारला मी फोटो काढला, साइट उघडली, तिजोरीतला पासवर्ड उचलून तिथे टाकला.

पासवर्ड चुकीचा आहे.

पुन्हा टाकला. पुन्हा चुकीचा. आता एकच संधी उरली होती, ती गेली की खातं बंद.

मग नीट पाहिलं. तिजोरीत "कात्री-पुठ्ठा-खळ" असा पासवर्ड दिसत होता. हा तर जुना! आदल्या दिवशी साइटने तो बदलायला लावला होता. तेव्हा मी तिजोरीकडूनच वीस अक्षरांचा नवा पासवर्ड करून घेतला होता, कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखा, आणि जपूनही ठेवला होता. तो कुठे गेला? "पासवर्ड विसरलात?" वर टिचकी मारली, तर उत्तर आलं की नवा पासवर्ड दोन कामाच्या दिवसांत कळवण्यात येईल. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा.

"अहो!" मी ओरडले. "तुमच्या तिजोरीने माझा पासवर्ड खाल्ला!"

साहेब आले. चष्मा लावला. माझा पडदा पाहिला, मग जाऊन स्वतःचा पाहून आले.

"तिकडेही हेच आहे," ते म्हणाले. "दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात." आवाजात चक्क अभिमान होता.

"दोन्ही तंतोतंत चुकीच्या आहेत!"

"ते वेगळं. जुळणीत दोष नाही. काल संध्याकाळी तुझी सही आहे." आणि वही दाखवली. त्या क्षणी ती वही मी फाडली असती, पण वीस वर्षं फाटक्या वह्या चिकटवल्यावर हात धजत नाही.

"बरं, पहिलं अक्षर आठवतंय का?" त्यांनी विचारलं.

"वीस अक्षरं आहेत."

"एकेक करून आठवू."

मी लेकीला फोन लावला. ती दुसऱ्या गावात संगणकाचंच काम करते, म्हणजे उंटावरून आमच्या शेळ्या हाकणं तिच्याइतकं कुणाला जमत नाही. मीटिंग चालू होती म्हणून तिने चौथ्यांदा फोन उचलला. तिला सगळं सांगायला मला पाच मिनिटं लागली आणि साहेबांच्या दुरुस्त्या ऐकायला आणखी पाच.  मग अचानक साहेब मनगटावरच्या घड्याळाकडे पाहत खुर्चीत बसले.

"पाच वाजून दोन मिनिटं," ते म्हणाले. "संपलं गं."

 वीस वर्षं डोळ्यांसमोरून गेली नाहीत, काही नाही. फक्त ते टेबल आणि तो दिवा दिसला, आणि दिव्याखाली दुसरीच कुणीतरी बसलेली.

"बाबा, कसले पाच?" फोनमधून लेक म्हणाली. "पावणेपाच होऊन दोनच मिनिटं झालीत."

मी माझ्या पडद्याचा कोपरा पाहिला. खरंच की! साहेब सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढे ठेवतात, नोकरीत कधी उशीर होऊ नये म्हणून लागलेली सवय. घरात माझ्या संगणकाचं घड्याळ तेवढं मी त्यांना पुढे करू दिलं नव्हतं.

"बाबा, तुमच्या संगणकाचं घड्याळही पुढे आहे?"

"अर्थात. एक पुढे आणि एक मागे, असं कसं चालेल?"

फोनमध्ये मोठा उसासा ऐकू आला. "प्रती एकत्र करताना ज्या नोंदीची वेळ नंतरची, ती नवी धरली जाते. आईने काल पासवर्ड कधी बदलला?"

"चार वाजून दहा मिनिटांनी," मी म्हटलं.

"आणि बाबा, तुम्ही तिकडे आईच्या त्याच नोंदीत काही बदललंत का?"

साहेब छताकडे पाहू लागले. बत्तीस वर्षांत हजारो लोकांचे मीटर यांनी पकडले असतील, पण पकडलं गेल्यावर चेहरा कसा करायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"थोडंसं," ते म्हणाले. "चारच्या आसपास. माझ्या घड्याळात सव्वाचार वाजून गेले असतील."

म्हणजे माझ्या आधी बदल करूनही नवे ठरले हेच. आपलंच घोडं पुढे दामटायची खोड त्यांच्या संगणकालाही लागली होती.

"आई, घाबरू नकोस," लेक म्हणाली. "हरलेली नोंद पुसली जात नाही. नोंद उघड, वर इतिहास म्हणून आहे, त्यात बघ."

मी नोंद उघडली. इतिहास उघडण्याआधी खालच्या टिपणाच्या चौकटीवर नजर गेली. मी तिथे कधीच काही लिहीत नाही. तिथे लिहिलं होतं: "शेरा: अर्जदार अत्यंत लायक. काम वीस वर्षं समक्ष पाहिले आहे. जोरदार शिफारस."

वाचत बसायला वेळ नव्हता. इतिहासात माझी चार दहाची नोंद होती, मांजर चालल्यासारखी वीस अक्षरं घेऊन. ती उचलली, टाकली, आत गेले. फोटो जोडला. बटण दाबलं. "आपला अर्ज मिळाला." चार छप्पन्न. जीव भांड्यात पडला. लेकीने तिकडे शिट्टी मारली आणि मीटिंगला पळाली.

मग मी खुर्ची साहेबांकडे वळवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. रागाचा सराव जास्त, म्हणून तो आधी बाहेर पडला.

"माझ्या नोंदीत शिरायचं तुम्हाला काय कारण होतं? आज माझी जागा गेली असती!"

"शेरा लिहायचा होता."

"तो ग्रंथालयाला दिसतो का? कोण वाचणार होतं तो?"

"तू." साहेब चष्मा पुसू लागले. "जागा नाही मिळाली, तर कधीतरी नोंद काढून टाकायला उघडशील, तेव्हा दिसेल म्हटलं. तोंडावर मला जमत नाही."

 मी पडद्याकडे वळले, एक नवी तिजोरी उघडली, ग्रंथालयाची नोंद तिच्यात हलवली आणि साहेबांकडे पाठ करून वर नवा मुख्य पासवर्ड टाकला.

"हे काय?"

"ही माझी. ही जुळवायची नाही, हिची वही नाही, सही नाही."

"आणि मला शेरा लिहायचा असला तर?"

"दार वाजवायचं, आत यायचं, आणि सांगायचं."

साहेब उठून बाहेर गेले. रुसले असतील म्हणून मी खळीचं भांडं धुवायला घेतलं. तेवढ्यात दार वाजलं. ते आत आले, दोन्ही हात मागे बांधून माझ्यासमोर उभे राहिले.

"अर्जदार..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले.  "तू जायला लागलीस की दिवसभर घरात मी एकटाच. मला भीती वाटते त्याची," ते म्हणाले. "तरी तुलाच मिळू दे."