चमत्काराच्या आदल्या दिवशी

अक्कांच्या धाकट्या लेकाला एक वाईट खोड होती. घडलेली गोष्ट घडली तशी सांगायची म्हटली की त्याच्या पोटात दुखायचं. मांजर ओट्यावरून पडलं तर हा ते गच्चीवरून पाडायचा. आधी तो बातमीदार झाला आणि पुढे त्याने स्वतःचा ब्लॉग काढला, तेव्हा अक्का म्हणाल्या होत्या, "चला, थापांना पगार सुरू झाला!"

पण त्याच लेकाचा हात धरून त्या एका सकाळी एका चमत्कारी बाबांच्या मांडवात शिरल्या. आत मुंगीला जागा नव्हती. अक्कांच्या एका डोळ्यावर पट्टी होती आणि दुसऱ्या डोळ्याला माणूस आणि खांब सारखेच दिसत. खरं तर पट्टी सोडायला डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं, पण दवाखान्याच्या फाटकाशी एक गोडबोल्या आडवा आला. "आजी, पट्टी आज सोडायची ना? मग बाबांच्या हातून सुटू दे की!" लेकाचे डोळे लकाकले. "चल गं आई, फोटो झकास येईल."

"अंधारा, चालता हो! प्रकाशा, आत ये!" बाबा गरजले. भाडेकरू बदलावा इतकं सोपं काम! त्यांनी पट्टी ओढली.

"दिसतंय!" अक्का ओरडल्या. "अगं बाई, दाढीला लावलेला कलपसुद्धा दिसतोय!"

लोकांनी पहिला शब्द ऐकला आणि मांडव दणाणला. बायका रडल्या, पुरुष पायांवर लोळले. कलपाचं कोणाच्या कानावरही गेलं नाही.

घरी आल्यावर अक्का लेकाला म्हणाल्या, "मावशीला कळव हो, माझा डोळा चांगला झाला म्हणून." मावशी म्हणजे अक्कांची धाकटी बहीण. ती दूरच्या गावी लेकीकडे राहायची. लेकाने वेगळं काही कळवलं नाही, या चमत्कारावर लिहिलेला ब्लॉगच पाठवून दिला. अक्कांना अक्षर लावून लावून वाचावं लागे, त्यामुळे त्यांनी नुसता आपला फोटो पाहिला आणि पदर नीट आलाय एवढी खात्री करून घेतली.

काही महिन्यांनी धाकटी दारात उभी राहिली, ती भिंत चाचपडत.

"अक्का, तू कुठे आहेस गं?"

अक्का तिच्यापासून हातभर अंतरावर होत्या.

"मी डोळ्यांत घालायचे थेंब बंद केले," धाकटी उत्साहाने सांगत होती. "दोनदा बाबांकडे जाऊन आले. ते म्हणाले, औषध आणि श्रद्धा एका घरात नांदत नाहीत. आता मलाही तुझ्यासारखं दिसेल, हो ना?"

अक्कांनी तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं, मग खुर्ची पुढे ओढून त्या धाकटीजवळ बसल्या.

"मावशी, अक्कांना मोतीबिंदू होता. तो आम्ही काढला. तुम्हाला काचबिंदू आहे. त्यात उरलेली नजर थेंबांनी राखायची असते. थेंब बंद केल्यावर जी गेली, ती परत आणता येत नाही. मलाही नाही, कोणालाच नाही."

"पण अक्काला तर बाबांनी..."

"बाबांनी पट्टी सोडली. ऑपरेशन मी केलं होतं, आदल्या दिवशी. त्यांचा माणूस आमच्या फाटकाशी उभा राहतो आणि ज्यांची पट्टी सुटायची असते तेवढेच निवडून नेतो. एरवी बरी होणारीच माणसं ती! ज्याचं ऑपरेशन झालेलं नाही असा एकही त्यांनी बरा केलेला नाही."

धाकटीने बहिणीकडे तोंड वळवलं. ते जरा चुकीच्या बाजूला वळलं. "ऑपरेशन? त्याने लिहिलेल्यात तर नव्हतं गं. लेकीने मला दोनदा वाचून दाखवलं होतं. अन् तुझाच मुलगा, तुझाच फोटो. मी कशाला शंका घेऊ?"

अक्कांनी तिचं तोंड हलकेच आपल्याकडे वळवलं आणि हात धरून तिला घरी आणलं.

घरी लेक टेबलाशी लिहीत बसला होता. सगळं ऐकून तो पांढराफटक पडला, तरी जीभ गप्प बसेना. "आई, मी खोटं एक अक्षर लिहिलं नाही. तुला दिसलं, लोक रडले, सगळं खरं आहे. ऑपरेशन घातलं असतं तर गोष्ट राहिली नसती. कोणी वाचलं असतं ते?"

"भाजी पातेल्यातच ठेवलीस आणि लोकांना नुसती फोडणी वाढलीस!" अक्का म्हणाल्या. "वर म्हणतोस, फोडणी खरी होती."

आतल्या खोलीत धाकटी पाण्याचा पेला शोधत होती. पेला खाली पडला. लेक उठायला गेला, तर अक्कांनी त्याला खांद्याला धरून बसवलं.

"आधी लिही. आईचं ऑपरेशन झालं होतं, मला ठाऊक होतं, मी गाळलं. फाटकावरच्या त्या माणसाचंही लिही. आणि लोकांना सांग, कोणी चमत्कार सांगितला की आधी विचारा, बाबा रे, आदल्या दिवशी काय झालं होतं? एवढं विचारायला शाळा लागत नाही. मी दुसरीतून उठलेली बाई, मलाही कळतं ते."

लेक रडू लागला. अक्कांचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला.

"बाबा लबाड आहे, पण तो परका. तुझ्यावर तिचा विश्वास होता. आता रोज सकाळी तिच्याशेजारी बसायचं आणि वर्तमानपत्र वाचून दाखवायचं. खिडकीबाहेर काय चाललंय तेही सांगायचं, जसं असेल तसं. यापुढे तू सांगशील तेवढंच तिला दिसणार आहे."