आधी निरोगी, मग रोगट

माझा स्वभाव तापट आहे, हे मी कधी लपवलं नाही. उलट मिरवलंच. प्रयोग म्हटला की शिस्त हवी आणि शिस्त म्हटली की आवाज चढणारच, अशी माझी समजूत.

गव्हावरचा तांबेरा रोग वाऱ्याने पसरतो. म्हणून आमच्या प्रयोगात काही वाफ्यांमध्ये तो मुद्दाम सोडतात, काही निरोगी ठेवतात आणि दोहोंच्या मध्ये मक्याचा रुंद पट्टा असतो. फिरायचा नियमही ठरलेला: आधी निरोगी वाफे, मग रोगट. उलट फिरलं तर कपड्यांवरून रोग जातो. हा नियम सगळ्यांत काटेकोर पाळणारे आमचे शेतावरचे मदतनीस, टेपकाका. मोजायची टेप कायम खिशात, म्हणून हे नाव. घरी पलंगसुद्धा भिंतीपासून मोजून ठेवतात म्हणे.

यंदा मला एक वाण जास्तीचा बसवायचा होता आणि जागा नव्हती. मी मक्याचा पट्टा निम्मा केला. काकांनी दोनदा विचारलं, "मॅडम, एवढाच?"

"आखणी माझी आहे. तुम्ही खुंट्या ठोका."

ओंब्या धरल्या आणि निरोगी वाफे तांबूस पडले. साहेबांनी सगळ्यांसमोर कारण विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका उलटे फिरले असणार. दुसरं काही शक्यच नाही." काका मान खाली घालून उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची रवानगी गोदामात झाली.

आठवड्याने मी रोगाची मोजणी केली. मक्याच्या बाजूला रोग दाट होता आणि पुढे विरळ होत गेला होता. काकांनी आणला असता तर त्यांच्या पायवाटेच्या कडेने दिसला असता, आणि पायवाट होती दुसऱ्या टोकाला. तो माझ्याच निम्म्या पट्ट्यावरून आला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. तरीही तीन दिवस मी गप्प राहिले आणि गोदाम टाळून मागच्या दाराने ये-जा केली, हेही सांगायला हवं.

चौथ्या दिवशी साहेबांना सगळं लिहून दिलं आणि गोदामात गेले. काका पोत्यांना चिठ्ठ्या बांधत होते.

"काका, चूक माझी होती. पट्टा कमी पडला, रोग वाऱ्याने आला. तुम्ही उलटे फिरला नव्हता."

त्यांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. "नव्हतो?"

"तुम्हाला माहीतच असेल ना."

"रोज आठवून बघायचो, मॅडम. तुम्ही एवढ्या खात्रीने म्हणालात. मग आठवायलाच लागलं की हो, एक दिवस घाईत उलटा गेलो होतो. लेकीपाशी कबूलही केलं."

"उद्यापासून शेतावर या," मी एवढंच म्हटलं.

"येतो. पण लेकीला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर तिला वाटेल, बाप आता शब्द फिरवतोय."

त्यांनी नंबर लावून फोन माझ्या हातात दिला.

"बाबा," पलीकडून आवाज आला, "आज परत ओरडल्या का त्या?"

"मीच ती," मी म्हणाले.