आठ भिंतींचं चर्च

मूल गावच्या देवराव मिस्त्रीने राइस मिलची गोदामं बांधली होती, शाळेच्या खोल्या बांधल्या होत्या. वस्तीतलं बुद्धविहारही त्याच्याच हातचं. पण १९८४च्या दिवाळीनंतर फादर कुरियननी पुढे ठेवलेला नकाशा त्याने तीनदा फिरवून पाहिला. आठ भिंती, मधे एकही खांब नाही. आठ कोपऱ्यांतून निघालेल्या तुळया वर काचेच्या झरोक्याशी मिळत होत्या.

"फादर, याची समोरची बाजू कोन्ती?"

"सगळ्याच."

फादर केरळचे, मराठी बोलताना चुकले असतील, असं देवरावला वाटलं.

"मंग वेदी कुठी?"

"मधोमध. लोक चारही बाजूंनी बसतील."

"पर तुमी उभे राह्यले का कोणाकडं तरी पाठ होईनच न?"

"आता चर्चं अशीच बांधतात," फादर एवढंच म्हणाले.

जुनं चर्च म्हणजे भाजक्या मातीच्या कवेलूंचं एक लांबट छप्पर. टोकाला वेदी, तिच्यापुढे रांगा. ते देवरावला कळत होतं. भिंती उठल्या, वर छत आलं, आणि आई आजारी म्हणून फादर महिनाभर गावी गेले. तेवढ्यात देवरावने वेदीचा ओटा पूर्वेच्या भिंतीला लावून बांधून टाकला. नकाशा काढणाराच चुकला असणार.

घमेली वाहणारी बुधरी म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, कागदावर तर मधात दिसते."

"तुले कागद समजते का?"

फादर परतले ते दुपारी. रागावले नाहीत. झरोक्यातलं ऊन मधल्या रिकाम्या फरशीवर पडलं होतं. देवरावने ते पाहिलं, आणि ओटा फोडायला स्वतःच घण उचलला.

छ्याऐंशीच्या ईस्टरला पहिली मिस्सा-प्रार्थना झाली. कामावरच्या सगळ्यांना बोलावणं होतं. लोक आले, आणि सवयीने सगळे एकाच बाजूला दाटीवाटीने बसले. तीन बाजू ओस. फादर हात पसरून कधी इकडे वळत, कधी तिकडे.

"इकडेही बसा," ते म्हणाले. कोणी हललं नाही.

शेवटी बुधरी उठली. ती ख्रिस्ती नव्हती. "तिथी हवा लागते," म्हणत समोरच्या रिकाम्या बाजूला जाऊन एकटीच बसली. मग तिच्या सोबतिणी गेल्या, मग दोन घरं, मग देवराव.

प्रार्थना संपल्यावर केसरबाईने त्याला दारात गाठलं. जुन्या चर्चमध्ये वीस वर्षं पहिली रांग तिचीच.

"देवराव, पह्यली रांग कुठी गेली रे? आता मी बसू कुठी?"

"बाई, सगळ्याच पह्यल्या हायेत," तो कसाबसा म्हणाला.

"असं काऊन बांधलं?"

"मले नाई मालूम."

केसरबाईने वळून आत पाहिलं. "सारे चेहरे दिसतेत पर," ती म्हणाली, आणि त्याला जेवायला घेऊन गेली.