सुकवणीची खोली

सुरभीनं स्क्रूड्रायव्हरचं टोक नळीत खुपसलं, गोल फिरवलं आणि ओढलं. करंगळीएवढं मातीचं बूच बाहेर आलं. त्याच्यामागे कोंडलेलं पाणी भळकन तिच्या चपलेवर सांडलं. बूच तळहातावर घेऊन तिनं ते हैबतरावांच्या समोर धरलं.

“हे काय आहे?”

“शाडू,” हैबतराव म्हणाले. “भावनगरचा हाय. हलका माल वापरत नाय आपण.”

“नळीत कुणी घातला?”

“मशीन गळत होतं. सख्याला म्हटलं, बुजव.”

सख्यानं कामात कसूर केली नव्हती. तिन्ही बॉयलरच्या तिन्ही नळ्या त्यानं बुजवल्या होत्या आणि मूर्तीचा तळ करतात तसा ओल्या बोटानं वरून हात फिरवून गुळगुळीतही केल्या होत्या. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात गळतीवर दुसरं औषध कुणाला सुचणार?

“शेठ, हे गळत नव्हतं. धुरातली वाफ आतच थंड होते, तिचं पाणी होतं. त्या वाफेची ऊब मशीन काढून घेतं, म्हणून गॅस कमी लागतो. पाणी मात्र बाहेर जायलाच हवं. तुम्ही तोंड बंद केलंत, मशीन गुदमरलं आणि बंद पडलं.”

“मग आधी सांगायचं ना तसं.”

“कुणी? मशीननं?”

दारात उभा असलेला सुजय हसला आणि वडिलांनी मान वळवताच खोकला. हैबतरावांचा हा एकुलता एक मुलगा बराचसा वेळ दारातच उभा असे. आत यायचं की बाहेर जायचं हे वडील ठरवत.

“चहा टाकायला सांगू का?” त्यानं विचारलं. कुणाला, ते स्पष्ट नव्हतं.

मशीन परदेशातून बोटीनं आलं होतं, मुंबईतल्या कुठल्याशा हॉटेलसाठी. हॉटेल कागदावरच राहिलं आणि कपाटासारखे भिंतीला टांगायचे हे तीन छोटे बॉयलर लिलावात निघाले. ऊब कमी हवी तर एकच पेटतो, जास्त हवी तर दुसरा, मग तिसरा. कोण केव्हा पेटणार ते मधलं पॅनेल ठरवतं. पेणमध्ये माणसांना ऊब लागत नाही, गणपतींना लागते. आषाढात कच्चा शाडू सुकता सुकत नाही आणि गिऱ्हाईक चतुर्थी पुढे ढकलत नाही. हैबतरावांनी मशीन उचललं, सुकवणीच्या खोलीत भिंतीभोवती नळ फिरवले, पंखे लावले आणि अख्ख्या पेणला सांगितलं की आता कोळशाच्या शेगड्या गेल्या. मग मशीन बंद पडलं. खोलीतल्या फळ्यांवर ओले गणपती तसेच बसून राहिले आणि रोह्याला, धाटावच्या कंपन्यांची असली कामं करणाऱ्या ऑफिसात फोन गेला, की माणूस पाठवा.

ऑफिसनं सुरभीला पाठवलं. हैबतरावांनी तिला पाहिलं, क्षणभर त्यांची नजर अडली, आणि मग त्यांनी ओळख न दाखवण्याचा निर्णय घेतला. सुरभीनंही घेतला. अशा बाबतीत दोन्ही बाजूंचं लगेच जमतं.

पाच-सहा वर्षांपूर्वी तिचा आणि सुजयचा साखरपुडा झाला होता. मग हैबतरावांच्या कानावर आलं की मुलगी कंपनीत सेकंड शिफ्टला जाते, कंपनीच्या बसनं रात्री उतरते. त्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला: सोयरीक मोडली, साडी परत करा. तिचे वडील, काळुराम, स्वतः साडी घेऊन पेणला आले. आपण दोन शब्द बोललो तर माणूस ऐकेल असं त्यांना वाटत होतं. हैबतराव आतून बाहेर आले नाहीत. काळुराम दुपारभर कारखान्याच्या पायरीवर बसून राहिले, शेवटी साडी सुजयच्या हातात देऊन उठले. संध्याकाळी घरी आले तेव्हा त्यांच्या धोतराला मागे वाळलेला शाडू होता. तो सुरभीनं धुतला. वडील त्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नाहीत, म्हणून तर ती विसरली नाही.

नळ्या मोकळ्या झाल्या. तिनं पहिला बॉयलर चालू केला. निळी ज्योत धरली, पंप गुरगुरला. हैबतरावांनी मशीनला हात जोडले आणि लगेच घड्याळ पाहिलं.

“आता जरा जोरात लावा. दिवस वाया गेलेत.”

“जोरात लावलं तर मूर्ती तडकतील.”

“ते तुम्ही बघा. मागच्या साली आमच्या सूनबाईंनी शेगडीपाशी झोप काढली, पुढची रांग सगळी गेली. सोंडा हातात आल्या. पेणच्या बाईला जमेल, गागोद्याच्या शेतकऱ्याच्या पोरीला काय कळतंय त्यातलं!” ते दाराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, म्हणजे जिनं ऐकायचं तिनं ऐकावं. “ह्या वर्षी मशीन हाय. ह्या वर्षी तडकली तर मशीनचं नाव सांगू नका म्हणावं.”

मुंबईचे व्यापारी आल्याची हाक आली आणि ते गेले. मागोमाग सुजय.

सुरभी पॅनेलसमोर एकटी उरली. काचेच्या छोट्या पट्टीवर हिरवे आकडे. नळातलं पाणी किती तापवायचं: तिनं बटण दाबलं. पन्नास. पंचावन्न. खरं तर इथेच थांबायला हवं होतं. साठ. सत्तर. पंचाहत्तर. पुढचं सेटिंग: ऊब सावकाश चढवायची की एकदम. तिनं ‘एकदम’ ठेवलं. बाहेरचा थर आवळला की आतली ओल बाहेर यायला वाट राहत नाही. आधी कानांशी चिरा जातात, मग सोंडेच्या वळणावर. उद्या दुपारपर्यंत ह्या खोलीत एकही गणपती धड राहिला नसता. आणि कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं: शेठच म्हणाले, जोरात लावा.

तिनं सोंडांच्या रांगांकडे पाहिलं नाही. सेटिंग कायम करण्याच्या बटणावर बोट ठेवलं.

“ताई, जरा सरता काय?”

हातात ओलं फडकं घेतलेली बाई मागं उभी होती. पदर खोचलेला, कोपरापर्यंत शाडू. तिनं पुढच्या फळीवरची मूर्ती अलगद उचलली, तिची भिंतीकडची पाठ पुढे केली, मागं तळाशी बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला आणि पुढच्या मूर्तीकडे गेली.

“तुम्ही मालू? इथल्या सूनबाई?”

“व्हय. आणि तुम्ही सुरभी.”

सुरभीचं बोट बटणावरून निघालं.

“कुणी सांगितलं?”

“सांगतंय कोण? आमच्या घरात सांगायची रीत नाय.” मालू पुढची मूर्ती फिरवत म्हणाली. “माझ्या साखरपुड्याला साडी आली. मोतिया रंगाची. घडी उघडली तर फॉल लावलेला. नव्या साडीला फॉल लावून देतं का गो कुणी? आमच्या आयशीनं बघितलं, म्हणाली, टाके बारीक हायत, पोरगी हाताची चांगली होती. मग आम्ही चौकशी केली.”

तो फॉल सुरभीनं दोन रविवार बसून घातला होता. साडी परत गेली ती कपाटात पडली असेल, किंवा कुणा बहिणीला दिली असेल, एवढंच तिला वाटत आलं होतं. हैबतरावांनी ती वाया जाऊ दिली नव्हती.

“नेसलात?”

“नेसले की. दुसरी कुठं होती?” मालू हसली. “काढून नवा फॉल लावायचा म्हणत होती आयशी. मी म्हटलं, राहू दे. घालणारीनं जीव लावून घातलाय.”

मालूनं पॅनेलकडे मान वळवली.

“पंचाहत्तर म्हंजे काय?”

सुरभीनं तळहातानं आकडा झाकला.

“शेगडी लई भडकली की हिकडं गालाला कळतं,” मालू म्हणाली. “मागच्या साली व्यापारी आले म्हणून मामंजींनीच कोळसे वाढवले. मी वरणभात रांधत होते. आता तडकली तरी नाव माझंच येईल, मशीनचं कशाला येतंय.”

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. पाऊस पडतो, तसं सांगितलं.

सुरभीनं आकडा खाली आणला. पंचावन्न. ऊब चढवायची ती सावकाश. खोलीची ऊब, रात्रीची ऊब, कोणता बॉयलर आधी: सगळं नीट, पुस्तकात असतं त्याहून नीट. मग ती यादीच्या तळाशी गेली. तिथं एक सेटिंग होतं ज्याला सहसा कुणी हात लावत नसे. लाईट जाऊन परत आली तर मशीननं आपलं आपण पेटायचं, की कुणीतरी कोड घालेपर्यंत थांबायचं? सगळे पहिलं ठेवतात. सुरभीनं दुसरं ठेवलं.

“मालू, इकडे ये. चार आकडे मनात धर. तुझ्या घरात कुणाला सुचणार नाहीत असे.”

“कशाला?”

“ह्या खोलीची किल्ली आहे असं समज. हे बटण, मग आकडे, मग हे. मी तोंड फिरवते.”

“तुम्ही का फिरवता? तुम्हाला काय लपवायचंय?”

“मला माहीत असलं तर मला विचारतील.”

मालूनं शाडूचा हात पदराला पुसला, पॅनेलपाशी आली आणि एकेक बटण हलक्या हातानं दाबलं. पुन्हा एकदा तेच. पट्टीवर हिरवा दिवा लागला.

हैबतराव व्यापाऱ्यांना घेऊन आले तेव्हा खोली ऊबदार झाली होती. सुरभीनं त्यांना सांगितलं की गॅसचं मशीन आहे, लाईट आल्यावर आपोआप पेटणं धोक्याचं, म्हणून कोड ठेवलाय, तो सूनबाईंना दिलाय.

“सुनेला? तिला काय कळतंय?”

“तुम्हाला वरची कामं, शेठ. इथं दिवसभर त्याच असतात. मूर्तीजवळ असणाऱ्यानंच पेटवायचं असतं.”

व्यापाऱ्यांपैकी एकानं मान डोलावली, म्हणून हैबतरावांनीही डोलावली. तेवढ्यात लाईट गेली. आषाढात पेणची लाईट पाहुण्यासारखीच येते, बसते कुठं? दहा मिनिटांनी आली. मशीन गप्प. सगळे हैबतरावांकडे पाहू लागले. त्यांनी घसा साफ केला.

“सूनबाई!” ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, हळू: “मालू, जरा ये.”

सुरभीनं हत्यारांची पेटी उचलली.

श्रावण लागल्यावर एका रविवारी दुपारी रोह्याला तिच्या घरचा फोन वाजला. बाहेर पागोळ्यांची धार धरलेली. काळुराम चटईवर बसून भिजवलेल्या कडव्या वालांच्या डाळिंब्या सोलत होते. एक वाल दोन बोटांत धरायचा, दाबायचा, डाळिंबी टोपात, साल परडीत.

“मी पेणहून बोलतोय. हैबतराव.”

“बोला शेठ.”

“लाईट गेली होती, आली. मशीन कोड मागतंय. तो सांगा.”

“सूनबाईंना विचारा.”

“ती घरात नाय. एक मूर्ती तडकली. म्हंजे तडकली पण नव्हती, जरा चीर होती. मी चार लोकांत बोललो. त्यात काय? आजवर बोलतच आलोय. सकाळी बघतो तर बाई गागोद्याला, माहेरी.”

“मग सुजयरावांना पाठवा.”

“तो तिला सोडायलाच गेला होता. तिकडं लावणीला उतरलाय म्हणे, सासऱ्याच्या शेतात.” हैबतरावांच्या आवाजात पहिल्यांदाच खरं आश्चर्य होतं. “तुमच्याकडं दुसरी किल्ली असेल ना काही?”

“नाही. सगळं पुसून पहिल्यापासून लावता येतं, पण त्याला बाहेरून पार्ट मागवावा लागेल. चतुर्थीनंतर येईल.”

ह्यातलं ‘नाही’ तेवढं खरं होतं. बाकीच्याला ती मनातसुद्धा खोटं म्हणाली नाही.

“मालूचा बाप काही ऐकत नाय,” हैबतराव म्हणाले. “दारात उभं करून ठेवलं मला.” मग आवाज उतरवून: “तू काळुरामांची मुलगी ना?”

“हो.”

“मी ओळखलं होतं.”

“मीही.”

“काळुराम आहेत का घरी? गागोद्याकडं त्यांची ऊठबस हाय, मालूचा बाप त्यांचा शब्द मोडणार नाय. दोघं गेलो असतो. जुनं काय धरून बसायचं? तू विचार त्यांना. ओल्या मूर्ती हायत, दिवस थोडे हायत.”

सुरभीनं फोनवर हात ठेवला. वडिलांना हे सांगावं की नाही, तिला कळेना. त्यांना जायचं असेल. ते तसेच होते. कुणी बोलावलं की छत्री घेऊन निघायचे. ते निघाले असते तर तिला अडवता आलं नसतं, आणि मग पेणमधली ती दुपार पुसून गेली असती, जशी काही झालीच नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “पेणचे हैबतराव आहेत. त्यांच्या सुनेच्या माहेरी मध्यस्थीला येता का, विचारतायत.”

काळुरामांनी हातातला वाल दाबला. डाळिंबी टोपात पडली. त्यांनी पुढचा वाल उचलला, तो चिवट निघाला, म्हणून नखानं हलकेच टोक काढलं. सगळं अगदी सावकाश, जशी काही घाई जगात कुणालाच नसते. मग दाराबाहेर पाहिलं. अंगणात पाण्याची तळी झाली होती आणि पलीकडचा डोंगर दिसत नव्हता.

“त्यांना म्हणावं,” ते म्हणाले, “पाऊस उघडला की बघू.”

सुरभीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. कडवटपणा असलाच तर बोटांना लागलेल्या वालांचा. तिनं फोनवरचा हात काढला आणि निरोप जसाच्या तसा सांगितला, एकही शब्द न वाढवता.



काळुरामांनी टोप कोपरानं थोडा तिच्याकडे सरकवला. तिनं फोन ठेवला, त्यांच्यासमोर बसली आणि सोलायला लागली.